हिमभूमीचे उपासक आल्फ्रेड वेगेनर

भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा उघडला की जमीन आणि समुद्र यांना विभागणारी एक बारीक रेघ आपल्या दृष्टीस पडते. ही रेघ आपल्या आजोबांच्या काळी होती, आज आहे आणि पुढेही अशीच राहील, असे आपल्याला सहज वाटते. परंतु पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे असा एक प्रदेश आहे, की तेथे एका माणसाच्या आयुष्यातच ही रेघ पुसली जाते आणि तिच्या जागी नवी उमटते. तो प्रदेश म्हणजे ग्रीनलंड. त्या हिमभूमीत चार वेळा जाऊन अखेर तिच्याच कुशीत चिरनिद्रा घेणाऱ्या एका थोर शास्त्रज्ञाचे हे चरित्र आहे. त्यांचे नाव आल्फ्रेड वेगेनर.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी जर्मनीतील बर्लिन शहरी झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक असून प्राचीन भाषांचे शिक्षक होते. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. थोरले बंधू कुर्ट यांच्याशी त्यांचे विशेष सख्य होते. दोघांनाही मोकळ्या हवेची, डोंगर चढण्याची आणि बर्फावरून घसरत जाण्याची विलक्षण आवड होती. आल्फ्रेड यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास करून १९०५ मध्ये डॉक्टर ही पदवी मिळवली. पण त्यांचे मन ओढ घेत होते ते हवामानशास्त्राकडे. वरच्या थरांतील हवा कशी वाहते हे पाहण्यासाठी दोघे बंधू बलूनमध्ये बसून आकाशात जात. एप्रिल १९०६ मध्ये त्यांनी सतत ५२ तासांहून अधिक काळ आकाशात राहून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. कडाक्याच्या थंडीत, अपुऱ्या अन्नावर त्यांनी हे तास काढले. पुढील आयुष्यात जे सोसावयाचे होते, त्याची ही जणू पूर्वतयारीच होती.

त्याच वर्षी ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याचा नकाशा तयार करण्यासाठी डेन्मार्कहून एक मोहीम निघाली. लुडविग मिलियुस-एरिकसेन हे तिचे प्रमुख होते. हवामानाच्या नोंदी घेण्याचे काम पंचवीस वर्षांच्या वेगेनर यांच्याकडे आले. ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक सर्व भाग बर्फाच्या प्रचंड थराखाली दडलेला आहे. हजारो वर्षे पडत आलेले हिम आपल्याच भाराने दबून त्याचा टणक बर्फ झाला आहे. हा बर्फ दिसायला स्थिर, पण प्रत्यक्षात तो उतारावरून अतिशय संथपणे वाहत असतो. अशा वाहत्या बर्फाला हिमनदी म्हणतात. हिमनदी समुद्राला मिळते, तेथे तिची पुढची कड पाण्यात शिरते आणि तिचे मोठमोठे कडे तुटून हिमनग होऊन तरंगत जातात. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कित्येक ठिकाणी किनारा म्हणजे माती आणि खडक नव्हे, तर हिमनदीची ही उंच, पांढरी भिंतच होती.

त्या काळी या किनाऱ्याचे नकाशे अपुरे आणि चुकीचे होते. नकाशातील चूक किती महाग पडू शकते, हे वेगेनर यांनी या मोहिमेत जवळून पाहिले. मिलियुस-एरिकसेन, नकाशे काढणारे हॉएग हागेन आणि ग्रीनलंडचेच रहिवासी असलेले यॉर्गेन ब्रॉनलुंड हे तिघे कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन उत्तरेकडे गेले. जुन्या नकाशांत दाखवलेल्या किनाऱ्यापेक्षा खरा किनारा फारच वेगळा निघाला. प्रवास लांबत गेला, परतण्याचा हंगाम टळला आणि १९०७ च्या अखेरीस परतीच्या वाटेवर थंडीने व उपासमारीने तिघांचाही अंत झाला. पुढच्या वसंत ऋतूत लँबर्ट लँड नावाच्या भूभागावर ब्रॉनलुंड यांचा देह सापडला. त्यांच्याजवळ त्यांची रोजनिशी होती आणि हागेन यांनी काढलेले नवे नकाशेही होते. प्राण गेले, पण नकाशे सुरक्षित राहिले. स्वतः वेगेनर यांनीही त्या किनाऱ्याने उत्तरेकडे लांबचा प्रवास केला, पतंग व बलून उडवून हवेच्या नोंदी घेतल्या आणि दोन हिवाळे काढून ते १९०८ मध्ये मायदेशी परतले.

परत आल्यावर ते मारबुर्ग येथील विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९१० च्या अखेरीस एक नवा नकाशासंग्रह चाळत असता त्यांचे लक्ष अटलांटिक महासागराच्या दोन किनाऱ्यांकडे गेले. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा फाडलेल्या कागदाच्या दोन तुकड्यांप्रमाणे एकमेकांत बसतात, हे त्यांच्या पूर्वीही काहींच्या ध्यानात आले होते. वेगेनर मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही खंडांतील खडक, प्राचीन वनस्पतींचे आणि प्राण्यांचे अवशेष यांची तुलना केली. सर्व खंड एके काळी एकत्र होते आणि नंतर हळूहळू एकमेकांपासून दूर सरकले, असा सिद्धांत त्यांनी ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथील विद्वानांच्या सभेत मांडला.

या सिद्धांताच्या पुराव्यांत हिमनद्यांना मोठे स्थान होते. हिमनदी सरकताना आपल्या पोटात अडकलेल्या दगडांनी खालच्या खडकावर ओरखडे काढते. असे ओरखडे आणि हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि उष्ण असलेल्या आपल्या भारतातही आढळले होते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पेनगंगेच्या परिसरातील इरईजवळच्या चुनखडीवर अशा खुणा एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांना दिसल्या होत्या. त्या सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. आज जेथे उन्हाळ्यात अंगाची काहिली होते, तेथे एके काळी हिमनदी कशी असेल? हे सर्व भूभाग त्या वेळी दक्षिण ध्रुवाजवळ एकत्र होते, असे मानले की हे कोडे सुटते. त्या प्राचीन अखंड भूमीला गोंडवनलँड हे नाव मिळाले, तेही आपल्या मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरूनच.

सिद्धांत मांडून वेगेनर स्वस्थ बसले नाहीत. १९१२ मध्येच ते डॅनिश संशोधक योहान पेटर कॉख यांच्याबरोबर पुन्हा ग्रीनलंडला गेले. एक आइसलंडचा गृहस्थ, एक डॅनिश खलाशी आणि आइसलंडची छोटी तट्टे एवढाच त्यांचा सरंजाम होता. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी हिमनदीच्या कडेवर तळ ठोकला असता एके रात्री भयंकर गडगडाट झाला आणि तळाच्या अगदी जवळच हिमनदीची कड तुटली. घराएवढे बर्फाचे ठोकळे उलटेपालटे होऊन पाण्यात कोसळले. तळ आणि माणसे थोडक्यात बचावली. हिमनदीचा किनारा कसा मोडतो, हे त्यांना पुस्तकातून नव्हे तर मृत्यूच्या दारातून पाहावयास मिळाले. पुढे कॉख एका खोल भेगेत पडून त्यांचा पाय मोडला. वेगेनर यांचीही बरगडी दुखावली. तरीही त्यांनी बर्फावरच हिवाळा काढला आणि १९१३ च्या उन्हाळ्यात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर चालून ग्रीनलंडचा पश्चिम किनारा गाठला. वाटेत सर्व तट्टे गमवावी लागली. अन्न संपले, पाय थकले. अशा वेळी योगायोगाने होडीतून जात असलेल्या एका धर्मोपदेशकाला ते दिसले आणि त्यांचे प्राण वाचले.

त्याच वर्षी वेगेनर यांचा विवाह एल्स यांच्याशी झाला. विख्यात हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांच्या त्या कन्या. पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. वेगेनर यांना सैन्यात जावे लागले आणि ते दोनदा जखमी झाले. दुखण्यातून उठत असतानाच त्यांनी आपला सिद्धांत विस्ताराने लिहून काढला. खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीविषयीचा त्यांचा तो ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

जगातील बहुतेक विद्वानांनी मात्र त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. एवढे अवाढव्य खंड कोणत्या शक्तीने सरकतात, असा प्रश्न ते विचारीत. आणि या प्रश्नाला वेगेनर यांच्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. ग्रीनलंड दरवर्षी कित्येक मीटर पश्चिमेकडे सरकत असावे, असे त्यांनी वेगवेगळ्या मोहिमांच्या मोजणीवरून म्हटले होते. तेही पुढे चुकीचे ठरले, कारण त्या काळची साधने इतकी सूक्ष्म नव्हती. वेगेनर यांनी टीकेला क्रोधाने उत्तर दिले नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत ते चुका दुरुस्त करीत, नवे पुरावे जोडीत. १९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाचे पद मिळाले. पत्नी आणि तीन मुली यांच्यासह ते तेथे सुखाने राहू लागले. पन्नाशी जवळ आली होती. घरी राहून ग्रंथलेखन करण्यास कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण ग्रीनलंडच्या बर्फाखाली काय आहे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९२९ मध्ये त्यांनी ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन पाहणी केली. तेथे कामारुयुक नावाची हिमनदी आहे. तिच्यावरून सामान वर चढवता येईल, असे त्यांनी ठरवले. १९३० मध्ये ते मोठी मोहीम घेऊन निघाले. सुमारे १०० टन सामान बरोबर होते. परंतु किनाऱ्यालगतचा समुद्र गोठलेला असल्याने पाच आठवड्यांहून अधिक काळ सामान उतरवताच येईना. ध्रुवप्रदेशातील उन्हाळा आधीच तोकडा. त्यातील हे मोलाचे दिवस गेले. तरीही किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, बर्फाच्या मध्यभागी एक ठाणे उभारले गेले. योहानेस गेओर्गी आणि एर्न्स्ट झोर्ग हे दोघे शास्त्रज्ञ तेथे बर्फात खोदलेल्या खोलीत राहू लागले. हिवाळ्यास पुरेल इतके अन्न व इंधन मात्र तेथे पोहोचले नव्हते. पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या नव्या घसरगाड्याही ऐन वेळी निकामी ठरल्या.

आपले सहकारी संकटात आहेत हे ध्यानी घेऊन २१ सप्टेंबर १९३० रोजी वेगेनर स्वतः निघाले. त्यांच्याबरोबर फ्रिट्झ लोवे हे शास्त्रज्ञ आणि १३ ग्रीनलंडवासी होते. वाटेत हिमवादळांनी गाठले. थंडी शून्याखाली ५० अंशांच्याही पलीकडे गेली. एकामागून एक बारा जण परतले. रास्मुस व्हिलुमसेन हा तरुण ग्रीनलंडवासी मात्र शेवटपर्यंत त्यांच्या सोबत राहिला. चाळीस दिवसांच्या प्रवासानंतर, ३० ऑक्टोबर रोजी तिघे ठाण्यावर पोहोचले. बरोबरचे बहुतेक सामान वाटेतच टाकून द्यावे लागले होते. लोवे यांच्या पायांची बोटे थंडीने निर्जीव झाली होती. पुढे साध्या चाकूने ती कापावी लागली.

आता पाच जणांना पुरेल इतके अन्न ठाण्यावर नव्हते. वेगेनर यांनी क्षणभरही विचार केला नाही. लोवे यांना सहकाऱ्यांच्या स्वाधीन करून १ नोव्हेंबर रोजी ते रास्मुससह परत निघाले. तो त्यांचा पन्नासावा वाढदिवस होता. त्यानंतर ते दोघे कोणालाही जिवंत दिसले नाहीत. १२ मे १९३१ रोजी शोध घेणाऱ्यांना वाटेवर उभ्या रोवलेल्या दोन बर्फपट्ट्या दिसल्या. त्यांच्याखाली वेगेनर यांचा देह काळजीपूर्वक गुंडाळून पुरलेला होता. अतिश्रमाने त्यांचे हृदय थांबले असावे. रास्मुसने आपल्या वडीलधाऱ्या सोबत्याला अशा रीतीने अखेरचा निरोप दिला होता. तो स्वतः पुढे निघाला आणि त्या अफाट शुभ्रतेत कायमचा हरवला. त्याचे नाव मोठ्या ग्रंथांत क्वचितच येते. परंतु वेगेनर यांचे स्मरण करताना त्याचेही स्मरण केले पाहिजे. एल्स यांच्या इच्छेनुसार वेगेनर यांचा देह बर्फातच ठेवण्यात आला.

ठाण्यावरील तिघांनी हिवाळा काढला आणि कुर्ट वेगेनर यांनी बंधूंचे कार्य पूर्ण केले. बर्फात लहान स्फोट घडवून त्याचा हादरा खालच्या खडकावर आपटून परत येण्यास किती वेळ लागतो, हे मोजण्यात आले. त्यावरून बर्फाची जाडी समजली. मध्यभागी ती अडीच किलोमीटरांहून अधिक भरली. ग्रीनलंडची भूमी सपाट नसून मोठ्या परातीसारखी आहे. मध्ये खोलगट आणि कडेला डोंगरांची उंच किनार. या किनारीतील खिंडींतून बर्फ समुद्राकडे वाहतो. ग्रीनलंडच्या किनाऱ्याचे भवितव्य या खिंडींत ठरते, हे त्या मोजणीमुळे समजू लागले.

हे ज्ञान आज किती मोलाचे ठरले आहे पाहा. वरून येणारा बर्फ आणि पुढे तुटून व वितळून जाणारा बर्फ सारखा असेल, तर हिमनदीची कड एका जागी राहते. हवा आणि समुद्राचे पाणी उबदार झाले की तुटणारा बर्फ वाढतो आणि कड मागे हटते. हिमनदी मागे हटते म्हणजे ती उलट वाहते असे नव्हे. बर्फ पूर्वीप्रमाणे पुढेच वाहतो, पण किनाऱ्यापर्यंत टिकत नाही. मग जेथे बर्फाची भिंत होती तेथे समुद्र शिरतो. डोंगरकड्यांमध्ये खोलवर गेलेली चिंचोळी खाडी उघडी पडते. तिला फियॉर्ड म्हणतात. बर्फाने जोडलेले भूभाग सुटे होऊन त्यांची बेटे बनतात. हिमनदीने आणलेली माती व दगडगोटे मोकळे पडतात. लाटा त्यांची झीज करतात आणि वितळलेल्या पाण्याचे प्रवाह तो गाळ खाडीत नेऊन टाकतात.

उपग्रहांच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांनी मोजले आहे, की २००० ते २०२० या वीस वर्षांत उत्तर गोलार्धातील समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्या मागे हटल्याने सुमारे २,५०० किलोमीटर नवा किनारा उघडा पडला. अर्ध्या चौरस किलोमीटरहून मोठी ३५ बेटेही बर्फातून मोकळी झाली. यातील सर्वांत मोठा वाटा ग्रीनलंडचा आहे. सर्वाधिक नवा किनारा, सुमारे ८० किलोमीटर, कोठे निर्माण झाला असेल? तो झाकारी नावाच्या हिमनदीच्या मुखाशी. जेथे ब्रॉनलुंड यांनी नकाशे जवळ ठेवून प्राण सोडले, त्या लँबर्ट लँडच्या शेजारची ही हिमनदी. ज्या रेघेसाठी तिघांनी प्राण वेचले, ती रेघ आता नव्याने काढावी लागत आहे. म्हणून त्यांचे श्रम वाया गेले असे मात्र नाही. जुनी रेघ काळजीपूर्वक काढलेली होती, म्हणूनच नवी रेघ कितीशी मागे गेली हे कळते.

या बदलात धोकेही आहेत. १६ सप्टेंबर २०२३ रोजी पूर्व ग्रीनलंडमधील डिक्सन फियॉर्डमध्ये डोंगराचा मोठा भाग कोसळला. त्याच्या पायथ्याला आधार देणारी हिमनदी विरघळून पातळ झाली होती. कोसळलेल्या कड्यामुळे सुमारे २०० मीटर उंचीची लाट उसळली आणि खाडीचे पाणी इतके हेलकावत राहिले, की त्याचे सूक्ष्म हादरे जगभरच्या भूकंपमापक यंत्रांवर नऊ दिवस उमटत होते. सुदैवाने तेथे मनुष्यवस्ती नव्हती. शिवाय वितळलेले पाणी ग्रीनलंडलाच राहत नाही. ते जगाच्या सर्व समुद्रांत मिसळते. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला, तर समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. तसे होण्यास शतकेच्या शतके लागतील. पण थोडी वाढही आपल्या कोकणासारख्या किनाऱ्यांना जाणवल्यावाचून राहणार नाही.

आणि वेगेनर यांच्या सिद्धांताचे काय झाले? त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांनी समुद्राच्या तळाचे संशोधन झाले. तळ मध्यभागी दुभंगत असून तेथे नवा खडक तयार होतो, असे आढळले. खंड खरोखरच सरकतात हे सर्वांना मान्य करावे लागले. ग्रीनलंड आणि युरोप आजही दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर जात आहेत. वेगेनर यांनी मानलेल्या वेगापेक्षा पुष्कळच हळू, पण त्यांनीच सांगितल्याप्रमाणे. १९८० मध्ये, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली त्या वर्षी, जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे ध्रुवप्रदेश आणि समुद्र यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली. तिला वेगेनर यांचे नाव देण्यात आले आहे.

वेगेनर यांचे थडगे आज कोणाला दाखवता येणार नाही. त्यांच्यावर वर्षानुवर्षे हिम साचले आहे आणि ज्या बर्फात ते विसावले आहेत, तो बर्फही संथपणे समुद्राकडे सरकत आहे. जग चंचल आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांची समाधीही चंचलच आहे. स्थिर राहिली आहे ती त्यांची सत्यनिष्ठा, सहकाऱ्यांसाठी प्राण पणाला लावण्याची वृत्ती आणि चूक कबूल करून पुन्हा मोजावयास बसण्याची त्यांची चिकाटी.